कॅमेऱ्याचं नाव सर्वात शेवटी

७५०डी आणि डी७५०. पहिला कॅननचा, दुसरा निकॉनचा. निकॉनचा २०१४ साली आला, कॅननचा २०१५ साली. मेगापिक्सल विचाराल तर एकाचे २४.२ आणि दुसऱ्याचे २४.३. जुन्या कॅमेऱ्यांच्या यादीत दोघं एकाखाली एक दिसतात आणि घाईत वाचणाऱ्याला त्यांत फरकच जाणवत नाही. पण कॅननच्या ७५०डीचा सेन्सर निकॉनच्या डी७५०च्या निम्म्याहूनही लहान आहे. एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नाही, बॅटरी बसत नाही, चार्जर चालत नाही. एक कॅमेरा छंद म्हणून फोटो काढणाऱ्यांसाठी केलेला, तर दुसऱ्यावर कित्येक व्यावसायिकांनी लग्नांचे मोसमच्या मोसम काढले आहेत.

इंदूरमध्ये हा घोटाळा बहुतेक वेळा फोनवर होतो. लालबागेत माळवा उत्सव भरला, की लोकनृत्यांची पथकं उतरतात आणि संध्याकाळनंतर मैदानावर कॅमेरे दिसू लागतात. कुणी दोन दिवसांसाठी कॅमेरा भाड्याने आणतो, कुणी त्या निमित्ताने जुना विकत घेतो. फोनवर माणूस सांगतो, ‘भिया, सेव्हन फिफ्टी चाहिए.’ पलीकडचाही ‘है, ले जाओ’ म्हणतो. डी पुढे की मागे, हे ना याने सांगितलेलं असतं ना त्याने विचारलेलं. मग ऐन कार्यक्रमाच्या संध्याकाळी घरातली निकॉनची लेन्स हातात आणि कॅननची बॉडी पिशवीत, अशी अवस्था होते. हे टाळणं अवघड नाही. त्यासाठी नावांमागची रीत एकदा समजून घ्यायला हवी.

सुरुवात या डीपासूनच करू. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांमध्ये, म्हणजे डीएसएलआरमध्ये, आकड्याच्या पुढे डी असेल तर कॅमेरा निकॉनचा आणि मागे असेल तर कॅननचा. ही एक खूण पक्की ठेवली, की बरेच गोंधळ जागच्या जागी मिटतात. ३००डी आणि डी३००, ५००डी आणि डी५००, ६००डी आणि डी६००, ७००डी आणि डी७००, ८००डी आणि डी८००, ८५०डी आणि डी८५० अशा सगळ्या जोड्या बाजारात खरोखरच आहेत. या प्रत्येक जोडीत निकॉनचा कॅमेरा वरच्या दर्जाचा आणि महागडा, तर कॅननचा नवशिक्यांच्या किंवा हौशी वर्गाचा आहे. सर्वात मोठी दरी शेवटच्या जोडीत दिसते. २०१७चा निकॉन डी८५० फुल फ्रेम आणि ४५.७ मेगापिक्सलचा, तर २०२०चा कॅनन ८५०डी लहान सेन्सरचा आणि २४.१ मेगापिक्सलचा. म्हणून डी८५० फारच स्वस्तात मिळतोय असं वाटलं, तर आधी डी कुठे आहे ते पाहा.

या खुणेलाही अपवाद आहेत, आणि जुन्या बाजारात ते अजून भेटतात. कॅननने २००० साली डी३० आणि २००२ साली डी६० काढले, तेव्हा डी पुढेच लावला होता. पुढे कंपनीने क्रम उलटवला, आणि २००६ साली ३०डी व २०१० साली ६०डी आले. मधल्या काळात, २००८ साली, निकॉनने स्वतःचा डी६० काढला. म्हणजे ६० आणि डी यांच्या जुळणीचे तीन वेगळे कॅमेरे झाले: २००२चा सहा मेगापिक्सलचा, २००८चा दहाचा आणि २०१०चा अठराचा. कुणी नुसतं ‘डी सिक्स्टी आहे’ म्हणालं, तर कंपनी आणि साल विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. २००५च्या उन्हाळ्यात तर कोनिका मिनोल्टाचा ५डी जुलैमध्ये आणि कॅननचा ५डी ऑगस्टमध्ये जाहीर झाला. एकच नाव, दोन कंपन्या, महिनाभराचं अंतर. मिनोल्टाचा लहान सेन्सरचा आणि हौशींसाठीचा होता, कॅननचा फुल फ्रेमचा आणि व्यावसायिकांसाठीचा.

हे असं का होतं? नुसत्या आकड्यावर आणि एखाद्या अक्षरावर कुणाला मक्तेदारी सांगता येणं फार कठीण असतं. संगणकाच्या चिपांच्या धंद्यात इंटेलला हाच अनुभव आला. १९९१ साली अमेरिकेच्या न्यायालयाने ‘३८६’ हा आकडा एकट्या इंटेलचा मानायला नकार दिला, आणि नंतर कंपनी आकडे सोडून पेंटियमसारख्या नावाकडे वळली. कॅमेरेवाले मात्र आकड्यांनाच धरून राहिले. तक्रारी झाल्याच नाहीत असं नाही. जर्मनीत झाइस इकॉनला निकॉन हे नाव आपल्या नावाच्या फार जवळचं वाटलं, म्हणून निकॉनचा प्रसिद्ध एफ कॅमेरा तिथे निक्कोर या नावाने विकला गेला. १९७२ साली ऑलिंपसने एम-१ आणला, तेव्हा लायकाने आपल्या एम मालिकेकडे बोट दाखवलं आणि ऑलिंपसला नाव ओएम-१ करावं लागलं. आज ओएम-१ हे नाव त्या कॅमेऱ्याच्या चाहत्यांना प्रिय आहे, पण ते आक्षेपातून जन्मलं.

नावं ठेवण्याची रीत पूर्वी वेगळी होती, आणि इथे इंदूरच्याच एका माणसाची आठवण काढायला हवी. लाला दीनदयाळ इथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रकं करत होते. १८७४च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले आणि महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. त्या काळात कॅमेरा ओळखला जाई तो काचेच्या मापावरून. फुल प्लेट म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंच, त्याखाली हाफ प्लेट आणि त्याखाली क्वार्टर प्लेट. नाव घेतलं की प्रतिमा कितीच्या काचेवर उमटणार ते कळे. रोल फिल्मच्या काळातही हे बरंचसं टिकलं. आपल्याकडे घरोघरी असलेल्या अग्फा क्लिक थ्रीला १२० नंबरचा रोल लागतो आणि त्यावर बारा चौकोनी फोटो येतात, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. आजच्या नावातून नेमकं हेच माप गायब झालं आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की दुकानात किंवा फोनवर नाव शेवटी विचारा. आधी विचारा: सेन्सर कोणत्या मापाचा? मग: माउंट कोणता, म्हणजे कोणत्या लेन्स थेट बसतात? मग: कितवी आवृत्ती आणि कोणत्या सालची? या तिन्हींची उत्तरं मिळाली की नाव आपोआप नेमकं होतं.

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. निकॉन, सोनी आणि फुजीच्या लहान सेन्सरचं माप साधारण २३.५ बाय १५.६, आणि कॅननचं त्याहून किंचित लहान. दुकानात याला ‘क्रॉप’ म्हणतात. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम क्रॉपच्या सव्वादोन पटींहून मोठा भरतो. लालबागच्या मैदानावर दिवे फक्त रंगमंचावर असतात आणि नाचणारे एका जागी थांबत नाहीत, तेव्हा हा फरक थेट फोटोत दिसतो. सारख्याच उघड्या लेन्सवर मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो आणि दाणे कमी दिसतात. उलट दिवसा लालबाग राजवाड्याचं फाटक टिपायचं असेल, तर प्रश्न वेगळा असतो. ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवर जितकं दृश्य घेते, तितकं कॅननच्या क्रॉपवर घेत नाही. तिथे ती ८० मिलिमीटरसारखी वागते, आणि बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडवलेलं ते मोठं फाटक पूर्ण चौकटीत घ्यायला तुम्हाला बरंच मागे सरावं लागतं. त्यामुळे कॅमेरा कशासाठी हवा आहे हे ठरल्याशिवाय महाग तोच बरा, असं समजू नका.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, म्हणजे मिररलेसमध्ये, सेन्सरचं माप नावावरून थोडंफार ओळखता येतं. त्यासाठी शून्याकडे लक्ष द्या. निकॉन झेड५ फुल फ्रेम, झेड५० क्रॉप. कॅनन आर५ फुल फ्रेम, आर५० क्रॉप. सोनी एफएक्स३ फुल फ्रेम, एफएक्स३० क्रॉप. सोनी झेडव्ही-ई१ फुल फ्रेम, झेडव्ही-ई१० क्रॉप. शून्य वाढलं की सेन्सर लहान झाला, असं सरसकट म्हणायला हरकत नव्हती, पण कॅननचा आर७ आडवा आला. एकच आकडा असूनही तो क्रॉप आहे, आणि त्याच्या पुढच्या आकड्याचा आर८ मात्र फुल फ्रेम. निकॉनच्याही झेडएफ आणि झेडएफसी या दोन जुन्या वळणाच्या देखण्या कॅमेऱ्यांत पहिला फुल फ्रेम आणि दुसरा क्रॉप आहे. दोघांमध्ये एका ‘सी’चा फरक.

आकडा मोठा म्हणजे कॅमेरा मोठा, हा समज तर पूर्ण सोडून द्या. निकॉनच्या झेड मालिकेत ५, ६, ७, ८, ९ अशी चढती भाजणी आहे आणि ९ सर्वात वरचा. कॅननच्या आर मालिकेत उलटं आहे: १ सर्वात वर, मग ३, मग ५ आणि ६. सोनीमध्ये ए१ सर्वात वर आणि ए९ खेळांसाठीचा वेगवान कॅमेरा. पॅनासॉनिकने २०२४ साली एस९ आणला, तो फुल फ्रेम खरा, पण छोटा, खिशात मावेलसा आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठीचा. झेड९, ए९ आणि एस९ ही नावं सलग ऐकली तर एकाच पंक्तीतली वाटतात, आणि प्रत्यक्षात तिसऱ्याचं काम पहिल्या दोघांशी जुळतच नाही.

अक्षरांची गोष्ट आणखी घोटाळ्याची आहे. ‘एस’ घ्या. सोनीच्या ए७एसमध्ये एस आला, की कमी मेगापिक्सल आणि अंधारात उत्तम काम. कॅननच्या ५डीएसमध्ये एस आला, की ५०.६ मेगापिक्सल, म्हणजे बरोबर उलटं. फुजीच्या एक्स-एच२एसमधला एस वेगासाठी. ‘आर’चंही असंच. सोनीच्या ए७आर आणि पॅनासॉनिकच्या एस१आरमध्ये आर म्हणजे जास्त तपशील, पण कॅननच्या मिररलेसच्या आर मालिकेत प्रत्येकच कॅमेऱ्याच्या नावात आर आहे. एका कंपनीचं अक्षर शिकून दुसरीकडे वापरायला गेलात, तर फसाल.

‘एम’साठी थोडं जास्त थांबतो, कारण सध्याच्या जुन्या बाजारात सर्वात जास्त पैसे इथे अडकताना दिसतात. लायकाची एम मालिका १९५४च्या एम३पासूनची. कॅननने २०१२ साली ईओएस एम नावाची छोट्या कॅमेऱ्यांची मालिका काढली, आणि तिच्यात एम३, एम५, एम६, एम१० असे कॅमेरे आले. लायकाचेही एम३, एम५, एम६, एम१० आहेत. किमतीतला फरक इतका आहे, की या दोघांची गल्लत क्वचितच होते. खरी गल्लत होते ती कॅननच्याच एम५० आणि आर५०मध्ये, आणि त्यांच्या जोडीला निकॉनचा झेड५०. तिघंही छोटे, तिघंही क्रॉप, तिघंही व्हिडिओ करणाऱ्या तरुणांचे आवडते. पण एम५०ला ईएफ-एम माउंटच्या लेन्स लागतात आणि त्या कॅननच्या आर मालिकेवर बसत नाहीत. त्यासाठी कॅननचा जोडही (अडॅप्टर) नाही. कॅननने ती मालिका आता बंद केली आहे. म्हणून कुणी ‘एम५० घेऊन ठेव, पुढे आर५० घेतलास तर लेन्स चालतील’ असं सांगितलं, तर ऐकू नका. कॅननच्या जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मात्र जोड लावून दोन्हींवर चालतात. फक्त एमचा जोड वेगळा आणि आरचा वेगळा, हे खरेदी करताना नीट सांगा.

त्यातच सोनीने भर घातली. सोनीच्या खोक्यावर आणि तळाच्या पट्टीवर ए७ थ्री असं नसतं. तिथे आयएलसीई-७एम३ असं लिहिलेलं असतं, आणि सोबत कीट लेन्स असेल तर शेवटी के. दुकानदार आणि लग्नांचे फोटोग्राफर त्याला ‘सेव्हन एम थ्री’ म्हणतात आणि घाईत नुसतं ‘एम थ्री’. तेव्हा एम थ्री मागितलात, तर समोरच्याच्या डोक्यात कोणत्या कंपनीचा आला, हे पाहूनच पुढे जा.

आवृत्तीचा आकडा कधीही गाळू नका. कॅनन ‘मार्क टू’ लिहितो, निकॉन नुसताच रोमन आकडा लावतो, सोनीच्या खोक्यावर तो ‘एम’नंतर येतो. होळकरांच्या इतिहासात नुसतं तुकोजीराव म्हणून भागत नाही. लालबाग राजवाड्याचं काम १८८६ साली दुसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी सुरू झालं आणि १९२१ साली तिसऱ्यांच्या वेळी पुरं झालं. तसंच इथेही आहे. ५डी म्हटलं तर २००५चा १२.८ मेगापिक्सलचा, २००८चा मार्क टू, २०१२चा मार्क थ्री की २०१६चा ३०.४ मेगापिक्सलचा मार्क फोर, हे बोलणाऱ्यानेच स्पष्ट करायला हवं. जुन्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत आवृत्ती लिहिलेली नसेल, तर बहुधा पहिलीच आहे असं धरून चला.

लेन्सवर हीच रोमन अक्षरं वेगळ्याच अर्थाने येतात. टॅमरॉनच्या लेन्सवर ‘डीआय टू’ दिसलं म्हणजे सुधारलेली दुसरी आवृत्ती असं बरेच जण समजतात. तो अर्थ नाही. डीआय म्हणजे फुल फ्रेम डीएसएलआरला चालणारी, डीआय टू म्हणजे क्रॉप डीएसएलआरसाठी आणि डीआय थ्री म्हणजे मिररलेससाठी. सिग्मामध्ये डीजी फुल फ्रेमची आणि डीसी क्रॉपची, आणि त्यापुढे डीएन असेल तर ती मिररलेसची. निकॉनमध्ये क्रॉपसाठी डीएक्स, फुल फ्रेमसाठी एफएक्स. या एफएक्सचा सोनीच्या एफएक्स३शी काही संबंध नाही. आणि निकॉनचा डी४०, डी६०, किंवा डी३०००, डी५००० मालिकांतला कॅमेरा असेल, तर लेन्सवर एएफ-एस असल्याची खात्री करा. या बॉडींमध्ये फोकसची मोटार नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो. स्वस्तात मिळालेली ५० मिलिमीटरची जुनी लेन्स घरी आणल्यावर हे समजलं, की वाईट वाटतं.

परदेशातून येणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारणा होते, कारण अनेक घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. भाचा तिथून ‘रेबेल टी सेव्हन’ घेऊन येतो आणि इथे त्या नावाचं काहीच सापडत नाही. तो आपल्याकडचा कॅनन १५००डीच. युरोपात त्यालाच २०००डी म्हणतात, जपानमध्ये किस एक्स९०. आपला ३०००डी युरोपात ४०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी१००. आपला २००डी मार्क टू युरोपात २५०डी, अमेरिकेत रेबेल एसएल३, जपानमध्ये किस एक्स१०. नावं चार, कॅमेरा एकच; बॅटरी, लेन्स आणि चार्जर तेच चालतात. पण वॉरंटी देशानुसार असते, म्हणून तिथल्या खरेदीचं बिल जपून ठेवा आणि इथल्या सर्व्हिस सेंटरवर ती लागू होते का, हे कॅमेरा मागवण्याआधीच विचारा.

इथल्या दुकानात, जेल रोडवर असो वा आणखी कुठे, नवा कॅमेरा घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि छापील किंमत आहे का, ते पाहा. परदेशी मालावर ही पट्टी कायद्याने हवीच. ती नसेल तर माल आडमार्गाने आलेला असण्याची शक्यता आहे.

जुना कॅमेरा घेताना किंवा भाड्याने आणताना फोनवरच्या शब्दांवर थांबू नका. समोरच्याला बॉडीच्या पुढच्या बाजूचा, तळाचा आणि लेन्स काढून आतल्या कड्याचा फोटो पाठवायला सांगा. तुम्ही स्वतः मागणी लिहून पाठवा, आणि ती पूर्ण लिहा: ‘निकॉन डी७५०, फुल फ्रेम, एफ माउंट, सोबत दोन बॅटऱ्या आणि चार्जर.’ कॅमेरा हातात आला की तुमचं कार्ड घालून एक फोटो काढा आणि मोबाइलवर किंवा संगणकावर त्याचा तपशील उघडा. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याने आपली कंपनी आणि पूर्ण नाव नोंदवलेलं असतं. तिथलं नाव, बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळला, की मगच पैसे द्या. बिलावर नुसतं ‘डीएसएलआर कॅमेरा’ लिहिलं असेल, तर कंपनी, पूर्ण नाव, आवृत्ती आणि अनुक्रमांक घालून ते दुकानदाराकडून तिथेच दुरुस्त करून घ्या.